की-बोर्ड रुसला, कुलूप उघडेना!

आज एका विचित्र कुलपाची गोष्ट सांगायची आहे. हे कुलूप आहे घरातल्या संगणकाचं. त्याची किल्ली लोखंडाची नाही, अंकांची आहे. आणि तीही थोडीथोडकी नाही, चांगली ४८ अंकांची! समजा, ती किल्ली कागदावर लिहिलेली तुमच्या हातात आहे. कुलूपही समोर आहे. पण अंक टाइप करायला जावं, तर की-बोर्ड ढिम्म! एक दाबा, दोन दाबा, एंटर दाबा. पडद्यावर काही म्हणजे काही उमटत नाही.

आणि कुलपाच्या आत काय अडकलंय? ताईचा कॉलेजचा प्रोजेक्ट, बाबांच्या दुकानाचा वर्षभराचा हिशेब, आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो. घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून टाकू या, झालं!" थांबा! फॉरमॅट मारलं की संगणक सुरू होईल खरा, पण हिशेब आणि फोटो गेले ते गेलेच. त्याआधी हा की-बोर्ड गप्प का बसला, ते शोधून काढायला हवं. हे काम तुम्हांलाही जमण्यासारखं आहे, बरं का! मात्र घरातलं मोठं माणूस शेजारी हवं.

कुलूप लावलं कुणी?

तुम्ही मित्राला सांकेतिक भाषेत चिठ्ठी लिहिली असेल ना? प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर लिहायचं. मग 'नमन'चं होतं 'पयप'. ज्याला युक्ती माहीत, त्यालाच ते वाचता येतं. संगणकही आपल्या डिस्कवरची सगळी माहिती अशीच सांकेतिक करून ठेवू शकतो. फक्त त्याची युक्ती फार म्हणजे फार अवघड असते. याला 'एन्क्रिप्शन' म्हणतात. विंडोजमध्ये हे काम करणाऱ्या सोयीचं नाव 'बिटलॉकर'. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर ती आली. आता विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या संगणकांत, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं प्रवेश केला की हे कुलूप आपोआप लागतं. म्हणूनच कित्येक घरांत कुलूप असतं, पण घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो.

कुलपाचा फायदा काय? समजा, एसटीत लॅपटॉप चोरीला गेला. चोरानं डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी त्याला दिसेल नुसता 'पयप'सारखा कचरा. तुमचे फोटो सुरक्षित!

मग रोज संगणक सुरू करताना किल्ली का नाही मागत? कारण आत 'टीपीएम' नावाची एक छोटी चिप वॉचमनसारखी बसलेली असते. संगणक रोजच्यासारखाच सुरू होतोय ना, हे ती तपासते आणि कुलूप स्वतःच उघडून देते. पण सुरू होण्याच्या पद्धतीत काही बदल झाला, म्हणजे मदरबोर्ड बदलला, बायोस नवं केलं, नाहीतर आणखी काही, की वॉचमनला संशय येतो. तो म्हणतो, "ओळख पटत नाही. किल्ली दाखवा!" मग निळा पडदा येतो आणि ४८ अंक मागतो.

किल्ली चुकली तर माहिती पुसली जाईल का? नाही. चुकीचे अंक टाकले म्हणून बिटलॉकर डिस्क पुसत नाही. तेव्हा त्या निळ्या पडद्यासमोर घाई करायचं काहीच कारण नाही.

११ चा पाढा कामाला आला!

आता गणिताची गंमत. ही ४८ अंकी किल्ली सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते. आणि त्यातल्या प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो!

११ ची कसोटी आठवते ना? एक सोडून एक अंकांची बेरीज करायची, उरलेल्या अंकांची वेगळी बेरीज करायची. दोन बेरजांतला फरक ० किंवा ११ च्या पटीत आला, की ११ ने भाग जातो. आपण एक नमुन्याचा गट घेऊ: १३५७९५. एक बेरीज १ + ५ + ९ = १५. दुसरी ३ + ७ + ५ = १५. फरक ०. गट बरोबर! आता लिहिताना ९ च्या जागी चुकून ८ लिहिला, तर १३५७८५ होईल. बेरजा येतील १४ आणि १५. फरक १. चूक पकडली!

गंमत अशी की, गटात एकच अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर ही कसोटी ती चूक पकडतेच पकडते. का, ते वहीवर करून पाहा. शिवाय ११ ने भागल्यावर येणारं उत्तर ६५,५३५ च्या वर कधी जात नाही. म्हणजे सर्वांत मोठा गट ७२०८८५. तेव्हा कागदावरचा एखादा गट ८ किंवा ९ ने सुरू होत असेल, तर उतरवून घेताना नक्कीच गडबड झाली आहे असं समजा. थोडक्यात, की-बोर्ड गप्प असला तरी किल्ली बरोबर आहे का, हे तुम्ही पेन्सिलीनं तपासू शकता.

आणि अंदाजानं किल्ली ओळखायची म्हटलं तर? एकूण किती किल्ल्या होऊ शकतात, माहीत आहे? अंदाजे ३४ वर ३७ शून्यं इतक्या! म्हणून कागद हरवला तर नशिबावर हवाला ठेवून उपयोग नाही.

हजेरीला उत्तर देणारा की-बोर्ड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. की-बोर्ड गप्प का बसतो?

वर्गात दोन प्रकारची मुलं असतात. एक, जे उत्तर आलं की लगेच ओरडतं, "बाई, मी सांगतो!" दुसरं, जे नाव पुकारल्याशिवाय तोंड उघडत नाही. की-बोर्डचेही असेच दोन प्रकार आहेत.

पहिला जुना, गोल तोंडाच्या पिनेचा, 'पीएस/२' जातीचा. ही पिन आयबीएम कंपनीनं १९८७ साली आणली. त्याची कळ दाबली की तो स्वतःहून संगणकाला हाक मारतो. दुसरा आजचा, चपट्या पिनेचा 'यूएसबी' की-बोर्ड. यूएसबीचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. इंटेल कंपनीत त्यावर काम करणाऱ्यांमध्ये अजय भट्ट हे प्रमुख नाव. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले होते.

यूएसबीचा नियम असा, की संगणकानं विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. संगणक एका सेकंदात शंभराहून जास्त वेळा की-बोर्डला विचारत असतो, "काही दाबलंय का? काही दाबलंय का?" आणि की-बोर्ड उत्तर देतो, "नाही, नाही, हो, ए दाबलंय!" हे इतकं भराभर चालतं, की आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण विचारणारंच कुणी नसेल तर? हुशार मूलही हजेरी घेतल्याशिवाय 'हजर' म्हणणार नाही. म्हणून लक्षात ठेवा: यूएसबी की-बोर्ड गप्प आहे म्हणजे तो बिघडलाच आहे असं नाही. कदाचित त्याला विचारणारा जागेवर नसेल!

तीन वर्ग, तीन शिक्षक

हा विचारणारा एकच नसतो, बरं का. संगणक सुरू होताना तीन वर्ग लागतात.

पहिला वर्ग बायोसचा. बटण दाबल्याबरोबर जागा होणारा हा कार्यक्रम मदरबोर्डवरच साठवलेला असतो. संगणक सुरू होता होताच निळा पडदा किल्ली मागतो, तेव्हा की-बोर्डची हजेरी घेण्याचं काम याच्या भरवशावर चालतं. नव्या संगणकांतल्या त्याच्या अवताराला 'यूईएफआय' म्हणतात, पण लोकांच्या तोंडी बायोसच आहे.

दुसरा वर्ग दुरुस्तीचा, म्हणजे 'रिकव्हरी'चा. विंडोज नीट सुरू झालं नाही, की हा छोटासा वेगळा कार्यक्रम उघडतो. कुलूपबंद डिस्कला हात लावण्याआधी तोही किल्ली मागू शकतो. त्याच्याजवळ की-बोर्डशी बोलण्याची स्वतःची वेगळी सामग्री असते. तिला 'ड्रायव्हर' म्हणतात.

तिसरा वर्ग म्हणजे आपलं नेहमीचं विंडोज. त्याचे ड्रायव्हर निराळे.

एका वर्गातले शिक्षक रजेवर असले म्हणून शेजारचा वर्ग बंद पडत नाही. नेमकं हेच ऑक्टोबर २०२५ मध्ये जगभर घडलं. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबरला विंडोज ११ साठी एक अपडेट दिलं. ते बसवल्यावर विंडोजमध्ये सगळं सुरळीत चालायचं. पण दुरुस्तीच्या वर्गात शिरलं, की यूएसबी की-बोर्ड आणि माउस दोन्ही मुके! ज्या जागी जायचं ते अडचणीतून बाहेर पडण्यासाठी, तिथंच हात बांधलेले! कंपनीनं दोष मान्य केला आणि २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, दुरुस्त केलेलं अपडेट दिलं. की-बोर्ड सगळे धडधाकट होते. दोष होता मधल्या वर्गात.

चला, शोध घेऊ!

आता वही-पेन्सिल घ्या आणि दोन रकाने आखा: 'काय केलं' आणि 'काय दिसलं'. एका वेळी एकच बदल करायचा, हा शोध घेणाऱ्याचा पहिला नियम. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशानं आला ते कळणार कसं?

१. दिवा पाहा. कॅप्स लॉक किंवा नम लॉकची कळ दाबा. तो छोटा दिवा की-बोर्ड स्वतः लावत नाही. संगणकानं हुकूम दिल्यावर तो लागतो. म्हणून दिवा लागला-विझला, तर समजा की संगणक ऐकतोय. मग अडचण दुसरीच आहे. मात्र काही की-बोर्डना दिवा नसतो, आणि दिवा लागला नाही म्हणजे की-बोर्ड बिघडलाच असंही नाही. पुढे चला.

२. नम लॉक तपासा. ते बंद असेल, तर उजवीकडचे अंक अंक राहत नाहीत, बाणाच्या कळा होतात. वरच्या ओळीतले अंक दाबून पाहा. बिटलॉकरच्या निळ्या पडद्यावर आणखी एक सोय आहे: एफ-१ ते एफ-९ या कळा १ ते ९ साठी आणि एफ-१० शून्यासाठी चालते.

३. पिन थेट लावा. मध्ये हब किंवा जोडवायर असेल तर ती काढा. मोठा संगणक असेल, तर पिन मागच्या बाजूला लावा. एक जागा झाली की दुसरी. आत निळी पट्टी असलेली जागा नवीन जातीची असते, काळी पट्टी जुन्या जातीची. निळीत चालत नसेल, तर काळीत लावून पाहा.

४. वायरचा की-बोर्ड आणा. ब्लूटूथचा की-बोर्ड इथं बहुधा चालत नाही, कारण त्याची ओळख विंडोजच्या वर्गात झालेली असते, आणि तो वर्ग तर अजून भरलेलाच नाही! शेजारच्या काकांकडून साधा वायरवाला मागून आणा. लॅपटॉप असेल, तर त्याचा स्वतःचा की-बोर्ड आधी वापरा. बऱ्याच लॅपटॉपमधला की-बोर्ड आतून जुन्या पीएस/२ पद्धतीनंच जोडलेला असतो.

५. पहिल्या वर्गात डोकावा. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा आणि लगेच एफ-२ किंवा डिलीट दाबत राहा. कळ कंपनीप्रमाणे वेगळी असते. बायोसचा पडदा उघडला आणि बाणाच्या कळा चालल्या, तर की-बोर्ड, वायर आणि पिनेची जागा तिन्ही ठीक आहेत, हे सिद्ध झालं. काही संगणकांत इथं 'लेगसी यूएसबी सपोर्ट' आणि 'फास्ट बूट' अशा दोन नोंदी असतात. घाईनं सुरू होण्याच्या नादात संगणक यूएसबीची हजेरी उशिरा घेतो. पहिली नोंद चालू आणि दुसरी बंद केली, तर पुष्कळदा काम होतं. पण हे मोठ्यांनीच करावं, आणि ४८ अंक हाताशी असतील तरच. इथं बदल केला की आपला वॉचमन पुन्हा संशय घेऊ शकतो!

६. फक्त दुरुस्तीच्या वर्गातच गप्प? बायोसमध्ये की-बोर्ड चालतो आणि रिकव्हरीत चालत नाही, तर दोष की-बोर्डचा नव्हे. २०२५ च्या त्या प्रकारात यातून निघण्याचे तीन मार्ग होते. पडद्याला बोट लावून चालणारा संगणक असेल, तर पडद्यावरचा की-बोर्ड. संगणकाच्या मागं गोल जागा असेल, तर जुना पीएस/२ की-बोर्ड. मात्र तो संगणक पूर्ण बंद असतानाच लावायचा. आणि तिसरा, आधी करून ठेवलेला 'रिकव्हरी ड्राइव्ह', म्हणजे दुरुस्तीचा वर्ग ज्यात भरून ठेवलाय असा पेन ड्राइव्ह.

पाहिलंत ना? "चालत नाही" एवढंच म्हणून बसलो असतो, तर चांगला की-बोर्ड कचऱ्यात गेला असता आणि फोटोही. "कुठं चालतो आणि कुठं चालत नाही" असं विचारलं, तर दोष स्वतःहून पुढे येतो.

किल्लीच नसेल तर?

या सगळ्या खटपटीचा उपयोग केव्हा? किल्ली असेल तेव्हा! १९ जुलै २०२४ ला हे जगाला चांगलंच कळलं. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमानतळ, बँका, रुग्णालयं, सगळीकडे निळे पडदे. दुरुस्ती तशी सोपी होती: एक बिघडलेली फाइल पुसायची. पण ज्या संगणकांना कुलूप होतं, त्यांच्यापुढे माणसानं बसून आधी ४८ अंक हातानं टाइप करायचे, मग पुढचा संगणक, मग त्याच्या पुढचा. ज्यांच्याकडे किल्ल्यांची नीट नोंद होती त्यांचं काम पुढं सरकलं. नव्हती, त्यांची शोधाशोध झाली.

तुमच्या घरची किल्ली कुठं असेल? कुलूप आपोआप लागलं असेल, तर बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं संगणक सुरू केला, त्या खात्यात. दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात शिरलं, की किल्ली पाहता येते. खाती दोन-तीन असतील, तर सगळी पाहा. कधी कधी दुकानदारानं किंवा ताईनं सुरुवातीला स्वतःचं खातं घातलेलं असतं. निळ्या पडद्यावर किल्लीची ओळखखूणही छापलेली असते. तिची पहिली आठ अक्षरं जुळवून पाहिली, की नेमकी किल्ली सापडते. शाळेचा किंवा ऑफिसचा संगणक असेल, तर त्याची देखभाल करणाऱ्यांकडे विचारायचं. किल्ली कुठंच सापडली नाही, तर मात्र मायक्रोसॉफ्टही ती नव्यानं बनवून देऊ शकत नाही.

या रविवारचं काम

संगणक ठणठणीत चालू असतानाच हे करायचं आहे. आई-बाबांना घेऊन बसा. विंडोजच्या शोधपट्टीत 'बिटलॉकर' किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधा आणि कुलूप लागलंय का, ते पाहा. लागलं असेल, तर किल्ली मिळवा आणि जाड कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवा. आठ गट, प्रत्येकात सहा अंक. मग प्रत्येक गटाला ११ ची कसोटी लावा. हे काम तुमचं. आई-बाबांना कसोटी आठवत नसेल, तर तुम्ही शिकवा!

तो कागद घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, रेशनकार्डाच्या शेजारी. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. नाहीतर चोराला कुलपाबरोबर किल्लीही मिळायची. तिचा फोटो कुठल्या ग्रुपवर टाकायचा नाही, आणि "कंपनीतून बोलतोय" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला फोनवर एकही अंक सांगायचा नाही.

आणि जाता जाता एक गणित. १९०२०१ हा गट किल्लीत असू शकेल का? आणि ८१०२०३? दोन्ही नीट तपासा. उत्तर कारणासह वहीत लिहा आणि सोमवारी आपल्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा.